नव्वद ग्रॅमचे साहेब

वाऱ्याने दार खाडकन लागलं आणि मी बाहेर राहिले. किल्ली आत, फोन हातात, आणि आत शेगडीवर मेणाचं पातेलं.

वितळत्या मेणाला पाठ दाखवायची नसते, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. मी फक्त अर्ध्या मिनिटासाठी मागच्या बोळात बादली रिकामी करायला गेले होते. दुकान मावशीचं आणि माझं – पुढे काचेच्या फडताळांवर सुगंधी मेणबत्त्या, मागच्या खोलीत साचे, वाती आणि तेलांच्या बाटल्या. मावशी नेमकी त्या दुपारी दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. समोरच्या भिंतीवर रंगवलेलं होतं, ‘कुठलंही कुलूप उघडून मिळेल’, आणि खाली नंबर. मी तो लावला.

सात मिनिटांत तो सायकलवरून आला. सडपातळ, बाह्या दुमडलेल्या, खांद्याला अवजारांची पिशवी. दारासमोर गुडघ्यावर बसत त्याने शांतपणे विचारलं, “आत कोणी आहे?”

“मेण आहे.”

“मग घाई नको. मेण काही घाबरत नाही.”

“अहो, मेण पेट घेतं!”

तेव्हा मात्र त्याचे हात असे चालले की मी बघतच राहिले. दोन बारीक तारा, कान कुलपाला लावलेला, डोळे मिटलेले... जणू आतून कोणीतरी हळू आवाजात काही सांगतंय. खट. दार उघडलं. मी धावत जाऊन शेगडी बंद केली. पातेल्यातून नुकता कुठे धूर सुटायला लागला होता.

आभार मानायला वळले, तर स्वारी बोळाच्या पलीकडच्या टोकाला, भिंतीला चिकटून उभी!

“आत या ना. पाणी तरी घ्या.”

“नको. इथेच बरा आहे.”

“इतका वाईट वास येतोय का आमच्याकडे?”

“वास फार छान आहे,” तो अवघडून म्हणाला. “तीच तर पंचाईत. घरी साहेब आहेत. त्यांना चालत नाही.”

मी मनात एक खडूस म्हातारा उभा केला. जरा फणकाऱ्यानेच म्हटलं, “साहेबांना सांगा, मेणबत्तीच्या वासाने आजवर कोणी मेलं नाही.”

पिशवी आवरणारे त्याचे हात थांबले.

“माणसं नसतील मेली,” तो हळूच म्हणाला.

मग त्याने पिशवीतून दुसरा शर्ट काढला, अंगातला उतरवून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधला, आणि बनियनवर दुसरा चढवला. भर बोळात! मी मान वळवली... म्हणजे, बरीचशी वळवली.

“साहेबांचं वजन नव्वद ग्रॅम आहे,” सायकलवर टांग टाकत तो म्हणाला. “डोक्यावर पिवळा तुरा आहे. आणि गालावर शेंदरी ठिपके.”

तो वळणावरून दिसेनासा झाला, तरी मी दारातच. मावशी सुजलेला गाल धरून आली आणि म्हणाली, “दात माझा काढला, आणि तोंड उघडं तुझं का?”

*

दोन दिवसांनी तो पुन्हा आला, आपणहून. दार आपोआप लागणार नाही असा खटका बसवून देतो म्हणाला. काम अर्ध्या तासाचं. त्याला तीन दिवस लागले.

“कारागीर मंद आहे की कुलूप हट्टी आहे?” मावशीने मला विचारलं, त्याला ऐकू जाईल अशा बेताने.

दुकानाबाहेर फुटपाथवर एक बाक होता. आमची बैठक तिथेच बसायची. तो आत येत नसे. मी बाहेर जायचे, तेही वाऱ्याची दिशा बघून. तो बाकाच्या या टोकाला, मी त्या टोकाला, मध्ये चहाचे दोन कप.

साहेब त्याला कसे भेटले, ते त्याने तिथेच सांगितलं. एका घरमालकाने त्याला बंद फ्लॅटचं दार उघडायला बोलावलं होतं. भाडेकरू सामान घेऊन निघून गेले होते. स्वयंपाकघरात ओट्यावर एक पिंजरा, आत कॉकटील जातीचा छोटा पोपट, पाण्याची वाटी कोरडी. भिंतीवर सुगंधाचा फवारा मारणारं एक यंत्र, दर पाव तासाने आपोआप फुस्स करणारं. माणसं गेली होती, यंत्र चालूच होतं.

“तो पिंजऱ्याच्या तळाशी बसला होता. पिसं फुगवून, चोच उघडी, आणि प्रत्येक श्वासाला शेपटी वर-खाली... मालक म्हणाला, राहू दे, उद्या कचऱ्याच्या गाडीत जाईल.” त्याने कप बाकावर ठेवला. “मी कुलूप उघडायचे पैसे घेतले नाहीत. पिंजरा घेतला.”

“आणि डॉक्टर?”

“डॉक्टरीण बाई म्हणाल्या, पक्ष्याचा श्वास आपल्यासारखा वरवरचा नसतो. फुफ्फुसाच्या पुढेही त्याच्या अंगात हवेच्या पिशव्या असतात. हवेत जे असेल ते सगळं आतपर्यंत. आपल्याला जो सुवास, तो त्याला धूर. फवारे, अत्तरं, उदबत्ती, सुगंधी मेणबत्त्या... रिकामा तापलेला नॉनस्टिक तवासुद्धा. वाचला, पण छाती कायमची नाजूक राहिली.”

मी माझ्या हातांकडे पाहिलं. कितीही धुतले तरी नखांच्या कडांना संत्र्याच्या तेलाचा वास राहायचाच. आजवर मला त्याचा केवढा अभिमान होता! मी पटकन हात पाठीमागे घेतले.

त्याने ते पाहिलं. म्हणाला, “लपवू नका. मी रोज तीन शर्ट घेऊन निघतो ते काय हात लपवलेले बघायला?”

“तीन?”

“एक कामाला. एक घरी जायला.”

“आणि तिसरा?”

तो कपातल्या चहाकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते. “तिसरा... इथे येताना जरा बरं दिसावं म्हणून.”

*

एका रविवारी त्याने निरोप दिला, साहेबांनी बोलावलंय.

त्या दिवशी मी जेवढी तयारी केली तेवढी कुठल्या लग्नालाही केली नसेल, आणि सगळी उलटी. पावडर नाही, क्रीम नाही, केसांना तेल नाही. बिनवासाच्या साबणाने दोनदा अंघोळ. दुकानात कधीच न घातलेला ड्रेस, तोही साध्या पाण्यातून काढलेला. आरशात पाहिलं तर उकडलेल्या बटाट्यासारखी दिसत होते.

“मुली नटून जातात,” मावशी म्हणाली, “तू सोलून चाललीस.”

त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. भिंतीवर खिळ्यांना शेकडो जुन्या किल्ल्या लटकवलेल्या. खिडक्या उघड्या, त्यांना बारीक जाळी. बाहेर पावसाची भुरभुर चालू होती आणि जाळीवर थेंबांचे मणी जमले होते. आणि खुर्चीच्या पाठीवर – साहेब! राखाडी कोट, पिवळा तुरा, गालावर शेंदरी टिकली. मला पाहताच तुरा ताठ. एक डोळा माझ्याकडे. मग मान फिरवून दुसरा डोळा.

“मुलाखत चालू आहे,” तो कुजबुजला. “हलू नकोस.”

हलू नकोस. ‘नका’ नाही, ‘नकोस’. त्याला स्वतःलाही ते कळलं नाही. मला कळलं – पार तळव्यांपर्यंत कळलं.

साहेब उडाले ते माझ्या खांद्यावर. इवल्या नखांची पकड, आणि कानाजवळ ऊनऊन श्वास. मी माझा श्वास रोखून धरला. साहेबांनी चोचीने माझी एक बट ओढून पाहिली, पसंत पडली असावी, कारण मग दातकोरणी चघळावी तशी चघळत बसले.

“पास,” तो म्हणाला.

“आणि तुमचं मत?”

तो जवळ आला. साहेबांना उतरवून घ्यायला हात पुढे केला, पण हात तिथेच राहिला... माझ्या केसांजवळ. “कसलाच वास येत नाहीये तुला,” तो म्हणाला.

“हे कौतुक आहे का?”

“माहीत नाही. पण मग एवढं छान का वाटतंय, ते कळत नाहीये.”

बाहेर भुरभुर चालूच होती. साहेबांनी शीळ घातली – अगदी वेळेवर, आगाऊ कुठला!

*

सुख असं अलगद चालत येतं, तेव्हा माणूस जरा गाफील होतो. मी झाले.

पुढच्याच आठवड्यात दुकानात एक बाई आल्या. हसऱ्या, बोलक्या, हातात प्रवासाची बॅग. भिंतीच्या प्लगमध्ये लावायची सुगंधाची कुपी हवी होती. “भावाकडे आलेय चार दिवस,” त्या म्हणाल्या. “एकटा राहतो. घराला नुसता तेलाचा न् लोखंडाचा वास. आणि आता म्हणे एक मुलगी येते घरी! मला नावही सांगत नाही, लाजतो. म्हटलं, ती येईल तेव्हा घर जरा छान वाटावं.”

मला इतकी मौज वाटली. कोण कुठली ती नशीबवान, म्हणून मी माझी सगळ्यात लाडकी कुपी काढून दिली. संत्र्याची साल, लवंग आणि देवदार. हे मिश्रण जमायला मला चार महिने लागले होते. “नजरेआड लावा,” मी सल्लाही दिला. “वास कुठून येतो ते कळलं नाही की जास्त गोड वाटतो.”

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. त्याचा आवाज ओळखूच येईना.

“साहेब... चोच उघडी आहे. शेपटी हलतेय. मी सगळं पाहिलं, गॅस पाहिला, तवा पाहिला... काही सापडत नाही. तू–”

मी धावतच सुटले. जिन्याची शेवटची पायरी चढले, दार उघडलं, आणि उंबऱ्यावरच माझे पाय थिजले.

संत्रं. लवंग. देवदार.

कुपी नेणाऱ्या त्या बाई, म्हणजे त्याच्या ताई, समोरच उभ्या होत्या. वास रात्रभर हळूहळू पसरला होता, त्यामुळे दोघांनाही सवयीने तो जाणवतच नव्हता. मला मात्र तो हाक मारावी तसा ऐकू आला. मी कोणाशी न बोलता सरळ सोफ्याकडे गेले, सोफा ओढला आणि मागच्या प्लगमधून कुपी उपटली. ती घेऊन जिन्यापर्यंत पळत गेले, बाहेर ठेवली, हात घासून धुतले, सगळ्या खिडक्या सताड उघडल्या.

ताई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. “मी... मला वाटलं, छान वास...” मग त्यांनी मला ओळखलं. “अगं, तू तर–”

“मीच विकली,” मी म्हटलं. “आणि लपवून लावा, असंही मीच सांगितलं.”

त्याने आमच्याकडे पाहिलं नाही. छोट्या पिंजऱ्यावर पातळ कापड टाकलं, पिंजरा छातीशी धरला आणि जिना उतरायला लागला. मी मागोमाग निघाले, पण दोन पायऱ्यांवर थांबले. माझ्या अंगावर दुकानातलेच कपडे होते. त्याच्याजवळ जाणंसुद्धा माझ्या हातात उरलं नव्हतं.

*

साहेबांना पक्ष्यांच्या दवाखान्यात ऑक्सिजनच्या काचपेटीत ठेवलं. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, दोन-तीन दिवस काही सांगता येणार नाही.

मी गेले नाही. कोणत्या तोंडाने जाणार? ताईंचा फोन आला, त्या रडल्या, मीही रडले. एकमेकींना “तुमची चूक नाही” म्हणताना दोघींनाही ते खरं वाटत नव्हतं.

मग मी एक काम केलं. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं – ‘घरी पक्षी आहे का? असेल तर आधी आम्हाला सांगा. यातलं काहीच त्याच्यासाठी नाही.’ आणि तो पुठ्ठा काउंटरवर उभा केला.

मावशीने चष्मा सारून वाचलं. “गिऱ्हाईक पळेल.”

“पळू दे.”

मावशीने दोरीचा तुकडा शोधला. मग पुठ्ठा उचलून दारात, येणाऱ्याला आधीच दिसेल असा टांगला. “पळायचं तर लवकर पळालेलं बरं,” ती म्हणाली. “उगाच दोघांचा वेळ जायला नको.”

त्याच दिवशी एक आजोबा मोठी मेणबत्ती हातात घेऊन पाटी वाचत उभे राहिले. “माझ्याकडे कॅनरी आहे,” ते म्हणाले. “हल्ली गात नाही. मला वाटलं, वय झालं असेल.” त्यांनी मेणबत्ती अलगद जागेवर ठेवली आणि घाईघाईने घरी गेले. मी आत जाऊन डोळे पुसले.

तिसऱ्या दिवशी दुपारी दारात सावली पडली. तो होता. उंबऱ्यावर क्षणभर थबकला... आणि चक्क आत आला. दुकानात, सगळ्या वासांच्या मधोमध, स्टुलावर बसला.

“तू आत आलास?” माझ्याही तोंडून ‘तू’ निघून गेलं.

“साहेब घरी नाहीत ना.” त्याचे डोळे सुजलेले होते. “आता कुठेही बसता येतं. शर्ट बदलावा लागत नाही. काल घरी तसाच गेलो, कोणी काही म्हटलं नाही... इतकी नकोशी मोकळीक कधी मिळाली नव्हती.”

मी त्याच्यासमोर खाली बसले. “तू माझ्यावर रागावलायस.”

“पहिल्या दिवशी रागावलो होतो,” तो म्हणाला. मला बरं वाटलं, त्याने खोटं सांगितलं नाही म्हणून. “ताईवर, तुझ्यावर. मग स्वतःवर. ताईला मीच सांगायला हवं होतं. साहेबांचं सांगायला हवं होतं, तुझंही. मला सगळ्या गोष्टी कुलपात ठेवायची सवय आहे.” त्याने माझे हात हातात घेतले. तेच, नखांच्या कडांना संत्र्याचा वास असलेले. “पण त्या घरात दोन तास शोधूनही मला जे सापडलं नाही, ते तुला दारातच कळलं. अजून तासभर गेला असता, तर... डॉक्टरीण बाईच म्हणाल्या.”

“मी हे दुकान बंद करू का?” मी एकदम विचारलं. तीन दिवस मनात घोळणारा प्रश्न होता तो.

“वेडी आहेस का?” त्याने माझा हात नाकाशी नेला आणि एक दीर्घ श्वास घेतला. “मला आवडतं हे. कधीपासून आवडतं. पण बाकावर बसून लांबूनच घ्यावं लागायचं.”

मागच्या खोलीत मावशीच्या हातातून काहीतरी मुद्दाम पडलं. आम्ही हात सोडले नाहीत.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो ऐकत राहिला, आणि त्याचा चेहरा... पहाट होताना खिडकी हळूहळू दिसू लागते ना, तसा उजळत गेला.

“दाणे खाल्ले,” तो म्हणाला. “आणि नर्सला चावले.”

*

दवाखान्यात जाण्याआधी मावशीने मला घरी पिटाळून अंघोळ करायला लावली. त्यालाही ताईंनी घरी नेऊन नखशिखांत धुवून काढलं. आम्ही दोघं ओल्या केसांनी डॉक्टरीण बाईंच्या टेबलासमोर बसलो, शाळेत उशिरा पोचलेल्या मुलांसारखे. साहेब काचपेटीत दांडीवर बसून आम्हाला एकेका डोळ्याने तपासत होते. थकलेले, पण तुरा ताठ.

डॉक्टरीण बाईंनी कार्ड पुढे ओढलं. “घरी सोडण्याआधी मला सगळं नीट हवंय. मागच्या वेळी अर्धवट माहिती दिलीत, त्याचं हे झालं. घरात कोण कोण असतं?”

“मी,” तो म्हणाला.

“येणारं-जाणारं?”

“ताई, वर्षातून दोनदा. तिला आता सगळं पाठ आहे.”

“आणखी?”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे, मग साहेबांकडे. त्याचे कान लाल होत गेले.

“आणखी... ही,” तो म्हणाला. “म्हणजे, रोज. कायमची. असं माझ्या मनात आहे. अजून विचारायचं राहिलंय.”

बाई पेन उचलून आमच्याकडे बघत राहिल्या. अख्ख्या दवाखान्यात फक्त साहेब दाणे फोडण्याचा आवाज करत होते.

“या काय काम करतात?” बाईंनी विचारलं.

“सुगंधी मेणबत्त्या करते,” मी म्हटलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढला. “तुम्ही दोघं माझी थट्टा करताय का?”

“नाही हो,” मी घाईने म्हटलं. “दुकान वेगळं आहे, चार गल्ल्या पलीकडे. तिथे मागे न्हाणीघर आहे. काम संपलं की तिथेच अंघोळ करीन, कपडे बदलीन, केस धुवीन. घरात बाटली नाही, वात नाही, काही नाही. दुकानातली चप्पलसुद्धा घरात येणार नाही.”

“रोज?”

“रोज.”

“कंटाळा येईल. आज उत्साह आहे. पावसाळा आहे, हिवाळा आहे, थकून याल... हा पक्षी अजून दहा-बारा वर्षं जगेल.”

मी साहेबांकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. तो माझ्याकडे असा बघत होता, जणू काचपेटीत तोच बसलाय आणि बाहेर काढायचं की नाही, ते मी ठरवणार आहे.

“दहा-बारा वर्षांचं काय घेऊन बसलात,” मी म्हटलं. “लिहा, डॉक्टर. घरात तिघं.”